जुन्या लाकडाचा तबेला: कोणती फळी कुठे लावायची

पाडलेल्या इमारतीचे लाकूड तबेल्याला चांगले की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही. पन्नास वर्षे छपराखाली राहिलेली तुळई जेवढी आकसायची, पिळवटायची तेवढी आधीच आकसून बसलेली असते. तिची नस घट्ट असते आणि ती पुन्हा फारशी हलत नाही. हा गुण नव्या ओल्या लाकडात नाही. पण त्या तुळईने आजवर फक्त छपराचा भार सोसलेला असतो. तबेल्यात तिला खूर, दात आणि मूत यांच्याशी सामना करायचा असतो. म्हणून जुन्या लाकडाच्या तबेल्याचे काम अर्ध्याहून अधिक निवडीचे आणि उरलेले सुतारकामाचे असते.

निवड करताना तबेल्याची भिंत खालून वर पट्ट्यांत वाचावी. जमिनीपासून साधारण फूटभर लीद-मुताचा पट्टा. तिथून साडेपाच फुटांपर्यंत लाथेचा. छातीच्या उंचीपासून आठ फुटांपर्यंत दातांचा; हा लाथेच्या पट्ट्यावर चढतो. आठ फुटांच्या वर घोडा पोहोचत नाही. आपल्याकडे आलेला प्रत्येक तुकडा या चारपैकी कोणत्या पट्ट्यात जाईल हे ठरल्याशिवाय त्याला करवत लावू नये. कागदावर आधी सुंदर आराखडा काढून मग त्या मापाचे जुने लाकूड शोधत बसणे हा उलटा रस्ता आहे. त्यात चांगल्या लांब फळ्या कापून वाया जातात आणि नेमक्या लाथेच्या ठिकाणी उरलेसुरले तुकडे येतात.

आवारात येऊच न द्यायचे लाकूड

सर्वांत आधी रसायने. रेल्वेचे जुने स्लीपर जाड, सरळ आणि मजबूत असतात, म्हणून मोह होतो. पण लाकडी स्लीपर बहुधा क्रिओसोट (लाकूड टिकवण्यासाठीचे डांबरी तेल) पाजलेले असतात. काळपट तेलकट पृष्ठभाग आणि डांबरासारखा वास ही त्याची खूण. उन्हात ते पाझरते, अंगाला लागले तर कातडी भाजते आणि घोड्याने चावले तर विषबाधा होते. वरून पत्रा ठोकला तरी वाफ यायची थांबत नाही. तबेल्यातच काय, कुंपणालाही ते वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे सीसीए, म्हणजे तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण दाबाने भरलेले लाकूड. नवे असताना ते हिरवट दिसते, जुने झाले की करडे पडते आणि साध्या लाकडासारखेच वाटते. म्हणून कापलेल्या टोकाकडे पाहावे: कडेने अर्धा-एक इंच हिरवट झाक आणि आत नेहमीचा रंग असेल तर ते सीसीए समजून बाजूला काढावे. अमेरिकेत घरगुती वापरासाठी असे लाकूड बनवणे २००३च्या अखेरीस थांबले, पण त्याआधीचे खांब, कठडे, ओटे आजही पाडकामातून निघत असतात. ते जाळूही नये. राखेत आर्सेनिक उरते आणि राखेची खारट चव जनावरांना आवडते.

तिसरा रंग. जुन्या तैलरंगात शिसे असते आणि ते चवीला गोडसर लागते, त्यामुळे घोडा रंगाचे पापुद्रे चाटत राहतो. शिसे हळूहळू अंगात साठले की घशाच्या नसा निकामी होतात, श्वास घेताना घरघर येऊ लागते. रंगवलेल्या फळीची शिशाच्या चाचणीपट्टीने आधी तपासणी करावी. शिसे निघाले तर ती फळी कोरडी घासू नये, गरम हवेने रंग जाळू नये. ती तबेल्याबाहेरच्या कामाला ठेवावी.

मालवाहू पॅलेटवर एचटी असा शिक्का असेल तर ते फक्त उष्णतेने निर्जंतुक केलेले असते (गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, ३० मिनिटे). एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ते घेऊ नये. पण एचटी असले तरी पॅलेटची फळी पाऊण इंचाच्या आसपास असते आणि एका लाथेत फुटते. ती फार तर सामानाच्या खोलीच्या मांडणीला.

जातीचाही विचार हवा. काळ्या अक्रोडाचा, म्हणजे ब्लॅक वॉलनटचा भुसा अंथरणात मिसळला तर काही तासांत घोड्याचे पाय सुजतात आणि खुरांना दाह होतो. यू आणि रोबिनिया ही झाडेही घोड्याला विषारी. जात ओळखता येत नसेल तर ते लाकूड आठ फुटांच्या वर. आणि जुन्या लाकडाचा रंधलेला वा कापलेला भुसा, कितीही स्वच्छ दिसला तरी, अंथरणात कधीही टाकू नये. त्यात रसायन असू शकते आणि खिळ्याचे तुकडे तर असतातच.

कीड आणि कूज यांची पारख सोपी आहे. टोच्याने नसेच्या आडवे टोचून वर उचलावे. लांब, तंतुमय कुसळ निघाले तर लाकूड जिवंत आहे. ठिसूळ चौकोनी तुकडा सुटला तर कुजलेले. हातोडीने वाजवावे: खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज वाईट. टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि त्यातून पिठासारखा बारीक भुगा पडत असेल तर भुंगेरे अजून आत आहेत. ही कीड बहुतेक करून कडेच्या पांढऱ्या लाकडातच राहते, त्यामुळे पांढरा भाग रंधून काढल्यावर लाल गाभा पुरेसा उरत असेल तर फळी वाचते. मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी. ती फळी रचलेल्या ढिगात ठेवूच नये.

खिळे, आणि पुन्हा खिळे

जुन्या लाकडात सर्वांत जास्त वेळ खिळ्यांत जातो आणि जायलाच हवा. राहिलेला एक खिळा घोड्याच्या डोळ्यात किंवा खांद्यात जाऊ शकतो. फळी उलटी ठेवून खिळ्याचे बाहेर आलेले टोक आधी सरळ करावे, मग टोकावर हातोडी मारून डोके अर्धा इंच वर आणावे आणि मगच पहारीने उपटावे. डोक्याच्या बाजूने थेट पहार घातली की डोके तुटते आणि दांडा आतच राहतो. तुटलेला दांडा पंचाने पलीकडे ठोकून काढावा. तो हललाच नाही तर भोवती पोकळ ड्रिलने कोरून तेवढ्या लाकडासकट बाहेर काढावा आणि भोकात लाकडी गुडदी ठोकावी. आत दाबून वर लांबी (पुट्टी) भरणे हा उपाय नव्हे, कारण घोडा भिंतीला अंग घासतो, लाकूड झिजते आणि खिळा पुन्हा वर येतो.

उपटणे झाल्यावर प्रत्येक फळीच्या चारही बाजूंवरून मेटल डिटेक्टर फिरवावा. सापडलेल्या जागेवर खडूने गोल करावा. काढल्यावर पुन्हा फिरवावा. रंधायंत्राची पाती एका खिळ्याने निकामी होतात, म्हणून ही तपासणी यंत्राआधी. लोखंडाभोवती लाकूड काळे पडलेले असते तो डाग मात्र नुसता डाग आहे. टोचून घट्ट लागले तर काळजी नाही.

मग रचणी. जमिनीपासून फूटभर उंच आडव्या ओंडक्यांवर, दर दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या देऊन थर लावावेत. झाकण फक्त वरून, बाजू उघड्या. ओलावामापकाने वाचन १८ टक्क्यांच्या खाली आले की लाकूड वापरायला तयार. २० टक्क्यांच्या वर ओलावा टिकला की बुरशीला वाट मिळते.

भार घेणाऱ्या तुकड्यांचा हिशोब

तुळईची ताकद तिच्या खोलीच्या वर्गाने आणि ताठपणा घनाने बदलतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की असली की जुन्या तुळया निवडताना फसगत होत नाही. सहा इंच खोल तुळईचा कुजलेला एक इंच तासून पाच इंच उरवले तर ताकद ६९ टक्क्यांवर आणि ताठपणा ५८ टक्क्यांवर येतो. एका इंचाने एवढा फरक पडतो. म्हणून वाकलेली तुळई ‘सरळ करण्यासाठी’ वाटेल तशी तासू नये. बाक वर ठेवून ती बसवावी.

जुन्या सांध्यांच्या खाचा हा दुसरा मुद्दा. भार आल्यावर तुळईच्या खालच्या अंगावर ताण येतो आणि तो मधल्या एक तृतीयांश भागात सर्वाधिक असतो. तिथे खाली जुनी खाच किंवा मोठी गाठ असलेली तुळई बसवू नये. उलटी करून खाच वर येत असेल तर उलटी करावी आणि खाचेत घट्ट लाकडी ठोकळा बसवावा. नाहीतर तिथेच कापून दोन छोट्या तुळया कराव्यात. नसेच्या दिशेने गेलेल्या वाळण्याच्या चिरा भीतीदायक दिसतात, पण बहुतेक निरुपद्रवी असतात. कडेपासून कडेपर्यंत तिरपी गेलेली चीर मात्र लाकूड मोडत आल्याची खूण आहे.

आता प्रत्यक्ष माप. साधारण १५-१६ हात उंचीच्या घोड्याला (घोड्याच्या मापात हात म्हणजे चार इंच) १२×१२ फुटांचे ठाण लागते. तट्टाला १०×१० पुरते. विणारी घोडी असेल तर १४×१४ तरी हवे. दोन ठाणांचा, १२×२४ फुटांचा, एकपाखी छपराचा तबेला धरू. मागे आतली उंची साडेआठ फूट, पुढे साडेअकरा, म्हणजे दर फुटाला तीन इंच उतार. पुढे चार फुटांची वळचण.

मुख्य खांब ६×६ इंची, सहा. दारांचे खांब तसेच, दोन. मागच्या, बाजूच्या आणि मधल्या भिंतींच्या मध्यावर ४×४ इंची पाच. दाराच्या खांबामुळे पुढच्या तुळईचा गाळा आठ फुटांवर येतो आणि मागे मधल्या खांबामुळे सहा फुटांवर. जुन्या लाकडात लांब निर्दोष तुळया कमी मिळतात, म्हणून ही रचना सोयीची. सांधे खांबाच्या डोक्यावरच घ्यायचे. बर्फ पडत नाही अशा ठिकाणी हलक्या पत्र्याला २×६ इंची कठीण लाकडाचे वासे दर दोन फुटांवर पुरतात. बर्फ, कौले किंवा वादळी वारा असेल तर तुळया-वाशांचे माप अभियंत्याकडून काढून घ्यावे. इथे अंदाज चालत नाही.

लाथेच्या भिंतीला दोन इंच जाड, आठ इंच रुंद फळ्या. मागची भिंत २४ फूट, दोन बाजू मिळून २४, मधली १२, आणि पुढे दारे सोडून १६: एकूण ७६ फूट. सात थर धरले तर ५३२ धावते फूट, म्हणजे सुमारे ५९ घनफूट. नव्या लाकडात दहा टक्के जादा धरतात. जुन्यात तीस टक्के धरावे. टोकांचे सहा-सहा इंच बहुतेक वेळा चिरलेले निघतात आणि एखादी फळी मध्येच खिळ्यांनी चाळणी झालेली असते. तेव्हा ७७ घनफूट, जवळजवळ ६९० धावते फूट हाताशी असल्याशिवाय भिंत सुरू करू नये. मजुरीचा अंदाज बांधताना वजनही लक्षात असू द्यावे: १२ फुटी अशी एक कोरडी कठीण फळी सुमारे २५ किलो भरते, दहा फुटी ६×६ खांब पन्नासच्या आसपास.

जोते: लाकूड ओल्यापासून तोडणे

जुने खांब बुडाशी कुजलेले असतात, कारण ते जमिनीत गाडलेले होते. तीच चूक पुन्हा करायची नाही. कुजलेला फूट-दीड फूट कापून टाकावा आणि खांब जमिनीत न पुरता काँक्रीटच्या कठड्यावर बसवावा. प्रत्येक खांबाखाली दीड फूट चौरस, तीन फूट खोल काँक्रीटचा पाया. जिथे जमीन गोठते तिथे गोठण्याच्या पातळीखाली. या पायांना जोडणारा, आतल्या जमिनीपासून दहा इंच उंच काँक्रीटचा कठडा सर्व भिंतींखालून फिरवावा, फक्त दारांत तोडून. खांबाच्या जागी जाड, गरम जस्तात बुडवलेल्या पट्टीचा यू आकाराचा धारक काँक्रीटमध्येच घट्ट करावा. खांबाचे बूड धारकाच्या तळापासून दोन सूत उचललेले राहावे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे पाणी साठत नाही. कापलेल्या टोकालाच लाकूड सर्वाधिक पाणी पिते. तिथे तेलाचे तीन-चार हात द्यावेत.

कठडा दहा इंच असण्याचे कारण अंथरण. सहा इंचांचे अंथरण कडेला ढीग करून लावले तरी ओला थर लाकडाला टेकत नाही. कठड्याची आतली बाजू फळ्यांच्या आतल्या बाजूशी एका रेषेत हवी आणि वरची कड इंचभर गोल. पुढे आलेल्या कडेवर खूर अडकतो.

धारकावर उभा खांब पुरलेल्या खांबासारखा स्वतः ताठ राहत नाही. हे विसरल्यामुळे अनेक तबेले पहिल्याच वाऱ्यात तिरके होतात. आडव्या फळ्या तिरकेपणाला फारसा विरोध करत नाहीत. म्हणून प्रत्येक मुख्य खांबाला दोन्ही दिशांनी ४५ अंशांचे तिरकस टेकू हवेत, आणि छपराच्या पातळीत तिरप्या पट्ट्या. ठाणाच्या आतले टेकू आठ फुटांच्या वरच सुरू व्हावेत. त्याखाली टेकू आणि खांब यांच्यातल्या कोनात घोड्याचे डोके अडकते. मागची उंची साडेआठच असल्याने तिथले टेकू भिंतीच्या बाहेरच्या अंगाला घ्यावेत.

जमिनीला जुने लाकूड वापरू नये. मूत फटींत मुरते, लाकूड निसरडे होते आणि खाली उंदीर राहतात. धुमसलेला मुरूम, त्यावर चार इंच काँक्रीट खरखरीत फिरवलेले, आणि त्यावर पाऊण इंची रबरी चटई. दाराच्या दिशेला दर साठ फुटांना एक फूट, म्हणजे १२ फुटांना अडीच इंच उतार पुरतो. त्याहून जास्त दिला तर घोडा सतत उतारावर उभा राहून पायांवर ताण घेतो.

लाथेची भिंत

फळ्या खांबांच्या आतल्या बाजूने लावायच्या. लाथ बसली की फळी खांबावर दाबली जाते आणि जोर खांब घेतो. बाहेरून लावल्या तर तोच जोर फक्त बोल्टांवर येतो आणि फळी उचकटते. दिसायला बाहेरून लावलेली भिंत सफाईदार वाटते, म्हणून ही चूक फार होते.

चार सुती कॅरेज बोल्ट वापरावेत, गोल डोके घोड्याच्या बाजूला आणि नट बाहेर मोठ्या वॉशरसह. ६×६ खांबासाठी नऊ इंच लांबी, ४×४ साठी सात. प्रत्येक खांबावर प्रत्येक फळीला दोन. असे या दोन ठाणांना सव्वादोनशे बोल्ट लागतात. सर्व गरम जस्ताच्या लेपाचे; मुतातून निघणारा अमोनिया नुसता चकचकीत मुलामा पटकन खातो. जुने कठीण लाकूड भोक न पाडता स्क्रूला दाद देत नाही, स्क्रूचे डोके तुटते किंवा फळीचे टोक फाटते. बोल्टला अर्ध्या इंचाहून किंचित मोठे भोक आधी पाडावे, आणि ते फळीच्या टोकापासून दोन इंचांच्या आत येऊ नये. दोन फळ्या एकाच खांबावर टेकतात तिथे प्रत्येकीला तीनच इंच टेकू मिळतो, म्हणून तिथली आखणी काळजीने करावी.

मधल्या भिंतीला दोन्ही बाजूंनी लाथ बसते. तिथे ‘आतली बाजू’ नाहीच. त्यासाठी दोन्ही टोकांच्या खांबांवर दोन-दोन उभ्या पट्ट्या बोल्टने आवळून मध्ये उभी खाच करावी आणि फळ्या वरून एकेक सोडाव्यात. जुन्या फळ्यांची जाडी सारखी नसते: एक पावणेदोन, दुसरी सव्वादोन. सगळी फळी रंधून सारखी करण्याची गरज नाही. खाच दोन इंच आणि दोन सूत ठेवावी आणि फक्त टोकांचे सहा इंच त्या मापाला आणावेत. बारा फुटांच्या मध्यावरचा ४×४ चा खांब उभा चिरून त्याचे दोन भाग फळ्यांच्या दोन्ही बाजूंनी आवळावेत, नाहीतर फळ्या लवतात आणि दोन फळ्यांमधल्या फटीत खूर जातो. वरच्या फळीवर अर्धा इंच जागा मोकळी सोडावी. जुनी कोरडी फळी दमट दिवसांत रुंदीला फुगते. जागा नसेल तर सगळी भिंत बाहेर फुगते. या पद्धतीचा मोठा फायदा असा की मधली फुटलेली फळी बदलायला वरच्या फळ्या काढल्या की झाले.

नवी ओली फळी जुन्या फळ्यांच्या मध्ये भरू नये. आठ इंच रुंदीची ओली फळी वाळताना दोन-तीन सूत सहज आकसते आणि बरोबर तेवढी फट उघडते.

फळ्यांचा घोड्याकडचा पृष्ठभाग गुळगुळीत रंधावा आणि कडा तीन-चार सूत गोल माराव्यात. करड्या, खडबडीत जुन्या पृष्ठभागाची शोभा हवी असेल तर ती बाहेरच्या अंगाला. आत त्याचीच कुसळे नाकपुडीत आणि शेपटीच्या मुळाशी जातात. साडेपाच फुटांच्या वर मधल्या भिंतीत उभ्या सळ्यांची जाळी साडेसात फुटांपर्यंत, दोन सळ्यांतले अंतर तीन इंचांहून कमी. बाहेरच्या भिंतींना तिथून वर बाहेरून इंची फळी चालते.

दातांच्या पट्ट्यात जिथे जिथे मोकळी आडवी कड येते, म्हणजे भिंतीचा माथा, खालच्या दाराचा माथा, खिडकीचा उंबरा, तिथे गॅल्वनाइज्ड कोन किंवा दुमडलेला जाड पत्रा बसवावा. पत्र्याची धार आत वळवलेली हवी. पण घोडा सतत लाकूड कुरतडत असेल तर त्याला चारा कमी पडतो आहे किंवा तो फार वेळ बांधलेला आहे, हे आधी तपासावे. गव्हाण मात्र जुन्या लाकडाची करू नये. लाकडाच्या इतिहासाबद्दल कितीही खात्री असली तरी जिथे दाणे चाटले जातात तिथे ते नको.

दारे, हवा, तेल

दार चार फूट रुंद, आठ फूट उंच, दोन पाखांचे. खालचे पाख साडेचार फूट. बाहेर उघडणारे, कारण घोडा दारालगत पडला तर आत उघडणारे दार उघडतच नाही. दीड इंची फळ्यांचे खालचे पाख आडव्या पट्ट्यांसह पन्नास-साठ किलो होते. तिरकी पट्टी खाली बिजागरीच्या बाजूने निघून वर कडीच्या बाजूला जावी. उलटी लावली तर दार काही महिन्यांत लोंबते. दीड-दोन फूट लांब पट्टी बिजागऱ्या आरपार बोल्टने. वर एक कडी आणि खाली पायाने सरकवायचा अडसर, दोन्ही हवेत. वरची कडी घोडे जिभेने उघडायला शिकतात. दाराच्या वाटेवर काहीही पुढे आलेले नको, घोड्याच्या कमरेचे हाड नेमके तिथे लागते. बांधायची कडी पाच फुटांवर, खांबातून आरपार, पाठीमागे मोठी पट्टी देऊन. फळीत बसवलेली कडी घोड्याने झटका दिला की फळीसकट येते.

हवा वरून खेळावी. एकपाखी छपराला पुढच्या तुळईवर सहा इंच आणि मागे तीन इंच सलग फट ठेवावी. दोन पाख्यांच्या तबेल्यात रुंदीच्या दर दहा फुटांना आढ्यावर दोन इंच आणि प्रत्येक वळचणीला एक इंच असा हिशोब धरतात. जुन्या घट्ट फळ्यांच्या उबदार तबेल्याचे कौतुक होते, पण बंद हवेत अमोनिया आणि गवताची धूळ साठून घोड्याची छाती बिघडते. थंडी त्याला सोसते.

लाकडाला कच्चे अळशीचे तेल, पातळ हातांनी दोनदा. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेटतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या बंद डब्यात. टाकाऊ इंजिन तेल तर मुळीच नको. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात घोड्यांच्या रिंगणांत धूळ बसावी म्हणून टाकाऊ तेल फवारले गेले. त्यात डायॉक्सिन हे जहाल विष होते आणि एकापाठोपाठ एक घोडे मेले. कोणाच्या टाकीतले तेल कशाकशातून आले हे बघून कळत नाही.

जुने कोरडे लाकूड चटकन पेट घेते, म्हणून वैरण याच छपराखाली साठवू नये. विजेच्या तारा धातूच्या नळीतूनच न्याव्यात, दिवे बंद काचेच्या आत आणि घोड्याच्या पोहोचेबाहेर.

बांधल्यावर सहा आठवड्यांनी सर्व बोल्ट एकदा आवळावेत, मग दर सहा महिन्यांनी. त्याच वेळी भिंतीवरून तळहाताऐवजी जुना लोकरीचा मोजा फिरवावा. जिथे धागा अडकेल तिथे कुसळ उठले आहे किंवा एखादा खिळा वर आला आहे.